पाहुणचाराचे शास्त्र

पाहुणचाराच्या बाबतीत आपण भारतीय फार जुन्या पुण्याईवर जगत आलो आहोत. अतिथीला देव मानावे ही तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि सरकारी भित्तिपत्रकांपासून हॉटेलांच्या दर्शनी भिंतींपर्यंत ती जागोजाग रंगवलेली दिसते. कठोपनिषदात बाल नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो, तेव्हा प्रत्यक्ष मृत्युदेवतेला ओशाळे वाटते आणि त्या तीन रात्रींच्या भरपाईदाखल तो त्याला तीन वर देतो. ज्या संस्कृतीने यमालासुद्धा यजमानधर्मातून सूट दिली नाही, त्या संस्कृतीचे आपण वारस आहोत, याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु वचन थोर असले म्हणजे आचरणही आपोआप थोर होते असे नाही. आज पाहुणचाराचे नाव निघाले की जगाच्या तोंडी प्रथम जपानचे नाव येते. पाहुणचार म्हणजे केवळ सद्भावना नव्हे, तर नित्य सरावाने येणारी विद्या आहे असे त्या राष्ट्राने मानले. पाहुण्यांवरच ज्याचा चरितार्थ मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे अशा गोमंतकाने ही विद्या जवळून न्याहाळणे अगत्याचे आहे.

ही विद्या टोकियोच्या गगनचुंबी हॉटेलांत शोधण्याचे कारण नाही. ती सापडते 'र्‍योकान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या धाटणीच्या छोट्या निवासगृहांत. क्योतो शहराच्या मध्यभागी फुयाचो नावाच्या अरुंद रस्त्यावर अशी दोन घरे समोरासमोर उभी आहेत. एक 'तावाराया', तीनशे वर्षांहून अधिक जुने आणि एकाच कुटुंबाने पिढ्यानपिढ्या चालवलेले. त्यात खोल्या अवघ्या अठरा. दुसरे 'हीरागिया', १८१८ साली सुरू झालेले. १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळालेले कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांचे हे आवडते मुक्कामाचे ठिकाण होते. येणाऱ्याला आपण परक्या घरी न येता स्वतःच्याच घरी परतलो आहोत असे वाटावे, हे हीरागियाचे ब्रीद. यांच्याही मागे जायचे तर यामानाशी प्रांतातील उष्ण झऱ्याकाठचे 'केइउनकान' इ. स. ७०५ मध्ये स्थापन झाले असे मानले जाते आणि जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद आहे. इशिकावा प्रांतातील 'होशी' ७१८ सालचे. आपल्याकडे राजघराणीही जेवढी टिकली नाहीत तेवढ्या पिढ्या तेथे पाहुण्यांची सेवा करणारी घराणी टिकली.

अशा घरी मुक्काम म्हणजे काय असते? पाहुणा येण्याच्या सुमारास दारापुढची फरसबंदी झाडून तिच्यावर पाणी शिंपडलेले असते. ओल्या दगडाची ती खूण सांगते की घर तयार आहे, आपली वाट पाहिली जात आहे. सडा-संमार्जनाचा संस्कार असलेल्या आपल्या वाचकांना ही भाषा समजावून सांगण्याची गरज नाही. उंबऱ्याशी पादत्राणे उतरायची. ती उचलून ठेवली जातात आणि बाहेर जाताना नेमकी तीच, टोके दाराकडे करून, पुढे मांडलेली सापडतात. नावे विचारण्याची, अर्ज भरण्याची घाई नाही. पाहुण्याला थेट त्याच्या खोलीत नेले जाते. ती खोली जवळजवळ रिकामी असते: गवती तातामी चटया, एक बुटके मेज, कागदी सरकत्या पडद्यांपलीकडे वीतभर बाग आणि 'तोकोनोमा' नावाचा एक कोनाडा, ज्यात एक चित्रपट्टी आणि एकच फूल. ते चित्र आणि ते फूल त्या ऋतूला धरून, पुष्कळदा त्या पाहुण्यासाठी म्हणून निवडलेले असते. ऐश्वर्याची आपली कल्पना वस्तूंच्या गर्दीशी जखडलेली आहे. येथे मोकळी सोडलेली जागा हेच ऐश्वर्य.

मग येते 'नाकाई', म्हणजे त्या खोलीची जबाबदारी सांभाळणारी परिचारिका. गुडघ्यांवर बसून ती दार सरकवते, हिरवा चहा आणि गोडाचा एक घास पुढे ठेवते, स्नान केव्हा, भोजन केव्हा एवढेच विचारते. एका मुक्कामात पाहुण्याचा संबंध बहुधा या एकाच व्यक्तीशी येतो. संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात स्नान. नंतर सुती 'युकाता' पांघरून खोलीतच भोजन. 'काइसेकी' नावाचे हे भोजन एकदम ताट वाढून होत नाही. लहान लहान पात्रांतून, एकामागून एक, कच्चे, भाजलेले, शिजवलेले, तळलेले असे पदार्थ येतात आणि भात सर्वांत शेवटी. पात्रांचा रंग-पोतही ऋतूप्रमाणे बदलतो. जेवण आटोपून पाहुणा घटकाभर बाहेर फिरून येतो तोवर मेज भिंतीशी सरकलेले आणि गादी घातलेली असते. दुसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी यजमानीण आणि नाकाई दाराबाहेर येऊन उभ्या राहतात आणि पाहुणा रस्त्याच्या वळणाआड दिसेनासा होईपर्यंत वाकून नमस्कार करीत राहतात.

आमच्या शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. या भोजनाच्या जवळजवळ प्रत्येक रसात वाळवलेल्या मासळीचा अर्क असतो. तेव्हा आधी कळवल्याशिवाय शुद्ध शाकाहाराची अपेक्षा धरू नये. ज्यांना तो हवा त्यांच्यासाठी कोया पर्वत आहे. कूकाई या आचार्याने ८१६ साली वसवलेल्या त्या क्षेत्री पन्नासच्या आसपास मठ यात्रिकांना मुक्कामाला ठेवून घेतात आणि मांस-मासळीविरहित सात्त्विक जेवण वाढतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थानांच्या अग्रशाळांत राहिलेल्या माणसाला ही रीत अनोळखी वाटणार नाही.

या सर्व तपशिलाच्या मुळाशी आहे ते निरीक्षण. मागितल्यावर देणे ही चाकरी झाली. मागण्याची वेळच येऊ न देणे याला जपानी माणूस 'ओमोतेनाशी' म्हणतो. पाहुण्याने डाव्या हाताने चहाचा पेला उचलला हे नाकाईच्या नजरेतून सुटत नाही आणि रात्रीच्या जेवणाला त्याच्या काड्या डाव्या हाताला सोयीच्या पडतील अशा मांडलेल्या असतात. वृद्ध गृहस्थाला खाली बसताना त्रास झाला की न बोलता टेकायची बैठक येते. आणि हे सारे केल्याचा उच्चार कोठेही होत नाही, कारण उपकाराची जाणीव करून दिली की पाहुण्यावर ऋणाचे ओझे पडते. बक्षिशीसाठी हात पुढे होत नाही. सेवेचे मोल बिलात धरलेले असते. २०१३ साली ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी ब्युएनॉस आयरिस येथे भरलेल्या बैठकीत जपानच्या प्रतिनिधी क्रिस्टेल ताकिगावा यांनी हाच शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारला आणि तो जगभर पोचला. परंतु त्याचे वय त्या भाषणाहून पुष्कळ मोठे आहे.

त्याची मुळे चहाच्या खोलीत आहेत. सोळाव्या शतकातील सेन नो रिक्यू हा या विद्येचा महान आचार्य. उन्हाळ्यात गारव्याचा आणि थंडीत उबेचा भास व्हावा, पाऊस नसला तरी पावसाची तयारी असावी, वेळेच्या आधी सिद्ध असावे, अशी त्याची साधी शिकवण. तिच्या साधेपणाला हसणाऱ्यांनी ती एक दिवस आचरून पाहावी. त्याने चहाच्या खोलीचे दार इतके बुटके केले की आत शिरायचे तर सरदारालाही कमरेची तलवार बाहेर ठेवून, गुडघ्यांवर येऊन, मान लववूनच जावे लागे. आत यजमान आणि पाहुणा सारखेच. पुढे १५९१ साली हिदेयोशी या सत्ताधीशाच्या आज्ञेवरून रिक्यूला आत्मघात करावा लागला. त्याचे बुटके दार मात्र आजही उभे आहे. एकदा घडलेली भेट पुन्हा तशीच कधी घडत नाही, म्हणून ती जन्मातील एकच भेट समजून वागावे, हा विचारही याच परंपरेतला. काकुझो ओकाकुरा यांनी १९०६ साली चहाविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाद्वारे हे तत्त्व पाश्चात्त्यांसमोर मांडले. त्याआधी १९०१-०२ मध्ये ते भारतात येऊन विवेकानंदांना आणि ठाकूर कुटुंबीयांना भेटून गेले होते.

येथे आपली आणि त्यांची वाट कोठे वेगळी होते ते पाहण्यासारखे आहे. 'अतिथी' या शब्दाचा आपल्याकडे रूढ असलेला अर्थच असा की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. अवचित आलेल्याला आपल्यातला घास काढून देणे हा आपला आदर्श. त्यात अंतःकरणाची कसोटी आहे. जपानी आदर्श, तिथी ठरवून येणाऱ्या पाहुण्याची आठ दिवस आधीपासून तयारी करणे हा. त्यात शिस्तीची कसोटी आहे. आपण मनाच्या मोठेपणावर विसंबतो, ते पूर्वतयारीवर विसंबतात. घरी एक पाहुणा आला तर आपला मार्ग पुरतो, किंबहुना अधिक गोड लागतो. परंतु पाहुणचार हा जेव्हा हजारोंचा व्यवसाय बनतो तेव्हा केवळ मनाच्या मोठेपणावर तो चालत नाही, कारण थकलेल्या माणसाचे मन रोज मोठे राहू शकत नाही. तेथे शिस्तच उपयोगी पडते.

आणि ही शिस्त एकतर्फी नाही, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. र्‍योकानमध्ये पाहुण्यालाही नियम आहेत. जेवणाची ठरलेली वेळ पाळायची. चटईवर चपलेने जायचे नाही. शौचालयाच्या सपाता वेगळ्या. कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ घासून धुवायचे, कारण ते पाणी सर्वांचे आहे. युकाता डावी बाजू वर घेऊन नेसायचा, कारण उजवी वर घेतात ती प्रेताला नेसवताना. दरडोई पन्नास हजार येनांहून अधिक दर भरणारा धनिकही यातून सुटत नाही. पैसा टाकला की वाटेल तसे वागण्याचा परवाना मिळतो, ही समजूत त्या बुटक्या दारातून आत येऊ शकत नाही.

तरीही या चित्राला काळी बाजू नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. क्योतोच्या काही जुन्या घरांत कोणाच्या ओळखीवाचून आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला नकार देण्याची प्रथा होती आणि काही ठिकाणी ती अद्याप आहे. याहून गंभीर प्रकार २००३ साली कुमामोतो प्रांतातील कुरोकावा येथे घडला. महारोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या वृद्धांना एका हॉटेलाने मुक्कामाला घेण्याचे नाकारले. देशभर संताप उसळला, सरकारने कारवाई केली आणि पुढच्याच वर्षी ते हॉटेल बंद पडले. सौजन्य आणि माणुसकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही, हा धडा त्या प्रकरणाने दिला.

दुसरा प्रश्न सेवा करणाऱ्यांचा. पाहुण्याला जी शांतता मिळते तिची किंमत नाकाईने पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या कष्टांत मोजलेली असते. तरुण मुली या कामाकडे वळेनाशा झाल्या, कुटुंबांना वारस मिळेनात. १९८० च्या सुमारास जपानात ऐंशी हजारांहून अधिक असलेली र्‍योकान २०१७ पर्यंत चाळीस हजारांच्याही खाली आली. दुसरीकडे 'ग्राहक म्हणजे देव' हा समज इतका फोफावला की गिऱ्हाइकाच्या अरेरावीसाठी जपानी भाषेला 'कासुहारा' असा स्वतंत्र शब्द घडवावा लागला. डिसेंबर २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारित कायद्याने, अवास्तव मागण्या पुनःपुन्हा करून इतरांच्या सेवेत व्यत्यय आणणाऱ्या पाहुण्याला नकार देण्याचा अधिकार निवासगृहांना मिळाला. टोकियो महानगराने २०२४ साली या अरेरावीविरुद्ध नियम संमत केला आणि तो १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. त्यात शिक्षेची तरतूद नसली तरी गिऱ्हाइकाचीही काही मर्यादा असते हे त्याने लेखी नोंदवले. पाहुणचारात जगाला गुरुस्थानी असलेल्या राष्ट्राला यजमानाच्या रक्षणासाठी कायदा करावा लागावा, यातील अर्थ आपण नीट ध्यानी घेतला पाहिजे. पाहुण्याला देव करताना यजमानाला दास करता कामा नये.

या प्रश्नाला एका यजमानाने फार पूर्वी व्यवहारी उत्तर शोधले होते. नोतो द्वीपकल्पातील वाकुरा येथील 'कागाया' हे १९०६ साली स्थापन झालेले निवासगृह. प्रवासी-व्यावसायिकांच्या वार्षिक क्रमवारीत त्याने सलग ३६ वर्षे पहिला क्रमांक राखला. त्या घराने स्वयंपाकघरातून मजल्यामजल्यांवर अन्न पोचवण्याचे जड काम यंत्रांवर सोपवले, ते नाकाईंची संख्या घटवण्यासाठी नव्हे, तर वाचलेले श्रम आणि वेळ त्यांना पाहुण्यांजवळ घालवता यावा म्हणून. कामावरच्या मातांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि मायलेकरांना राहण्याची सोय त्याने १९८० च्या दशकातच केली. ज्या बाईचे मूल सुरक्षित आहे तीच परक्या माणसाकडे निवांत मनाने लक्ष देऊ शकते, हा त्यामागचा विचार. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने कागायाच्या इमारतींची मोठी हानी झाली आणि व्यवहार थांबवावा लागला. इमारती पडतात, पुन्हा उभ्या राहतात. विचार टिकला की पुरे.

गोमंतक आणि जपान यांचा संबंध आजचा नाही. अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ १५४८ साली गोव्यात होता आणि त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर पुढच्या वर्षी येथून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. त्यानंतर तीस वर्षांनी जपानात पोचलेल्या आलेस्सांद्रो वालिन्यानो या जेझुइट अधिकाऱ्याने १५८१ साली आपल्या पाद्र्यांसाठी जपानी शिष्टाचाराची नियमावलीच लिहिली आणि मठात चहापानाच्या स्वागतासाठी स्वतंत्र जागा ठेवण्याची आज्ञा दिली. शिकवायला गेलेल्यांना तेथे पाहुण्याचे स्वागत कसे करावे हे शिकावे लागले. त्याच शतकात येथे काय चालले होते हे गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. तिसवाडी-साष्टीतून देवदेवता रातोरात हलवाव्या लागल्या आणि अंत्रुज महालाने त्यांना आसरा दिला. इतरत्र अतिथीला देव म्हणण्याची रीत आहे. अंत्रुजात देवच अतिथी होऊन आले आणि त्या मातीने त्यांना कायमचे घर दिले. पाहुणचाराचा याहून मोठा दाखला आम्हाला ठाऊक नाही.

मग आज आपले काय होत आहे? १९८७ साली परदेशी पर्यटकांची पहिली चार्टर विमाने दाबोळीला उतरू लागली. २०२४ पर्यंत वर्षाकाठी येणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते. एवढ्या पाहुण्यांना 'देव' म्हणणे सोपे; त्यांतील एकाकडेही नीट पाहणे अवघड. किनाऱ्यावरील भाड्यांविषयी पाहुणा कुरकुरतो, पाहुण्याच्या बेताल वागण्याविषयी गावकरी कुरकुरतो, आणि हॉटेलातले काम म्हणजे कमीपणा असे मानून आपला सुशिक्षित तरुण त्यापासून दूर राहतो. हा शेवटचा दोष आम्हाला सर्वांत खोल वाटतो. दुसऱ्याचे ताट मांडणे, अंथरूण घालणे, पादत्राणे सरळ ठेवणे ही कामे आपल्या समाजाने शतकानुशतके खालच्या पायरीवर ठेवली. अतिथीला उंच बसवले, पण सेवा करणाऱ्याला वर येऊ दिले नाही. घरात त्या कामाचा भार बाईवर टाकला आणि श्रेय गृहस्थाने घेतले. क्योतोत त्याच कामाला विद्या मानले जाते आणि घराची मालकीण स्वतः उंबऱ्यावर गुडघे टेकते.

जपानची नक्कल करावी असे आम्ही म्हणत नाही. कागदी पडदे आणि तातामी आणून गोव्यात र्‍योकान उभे राहणार नाही, आणि राहू नये. आपल्याकडे सोपे आहेत, राजांगणे आहेत, तुळशीवृंदावने आहेत. दारी आलेल्याला पाय धुण्यास पाणी आणि गूळपाणी देण्याची रीत आहे. ऋतूप्रमाणे बदलणारे ताट आहे. पाचपन्नास खोल्यांच्या अवाढव्य वसाहतींऐवजी चार-सहा खोल्यांची, घरमालकाने स्वतः चालवलेली जुनी घरे हा आपला खरा मार्ग होऊ शकतो. सरकारने उत्तेजन द्यायचे तर अशांना द्यावे. परवाना देताना खोल्यांचे मोजमाप जसे पाहिले जाते तसे कामगारांची झोपण्याची जागा, त्यांचे कामाचे तास आणि त्यांच्या मुलांची सोय हीही पाहिली जावी. आणि पाहुण्यासाठीही चार नियम दारावर स्पष्ट लिहावेत, मग तो कोठलाही असो आणि त्याच्या खिशात काहीही असो. नियम सांगितल्याने पाहुणा दुरावतो ही भीती निराधार आहे. २०१२ साली जपानला भेट देणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या ८४ लाखांच्या आत होती. २०२४ साली ती तीन कोटी अडुसष्ट लाखांवर गेली. त्यांतील कोणालाही कुंडात अंग न धुता उतरता आले नाही.

रिक्यूच्या खोलीतील ते बुटके दार दोघांनाही वाकायला लावत असे, म्हणून आत गेल्यावर कोणी कोणापुढे लाचार नसे. गोमंतकाच्या पर्यटनाला आज अशाच दाराची गरज आहे. पाहुणा आणि यजमान दोघेही त्यातून ताठ मानेने बाहेर पडतील, तेव्हाच भिंतीवर रंगवलेले ते उपनिषदवचन आपल्याला शोभेल.